कुत्र्याला आंबा चालतो का ते नंतर बघू, आधी त्या दोन कोया कुठे गेल्या ते सांगा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही विचारलंय की आंबा कुत्र्याला विषारी असतो का, कारण सासूबाई म्हणून राहिल्या की उष्ण पडते, नका देऊ, आणि मुलगी म्हणते की इन्स्टावर सगळेच आपल्या कुत्र्याला आंबा चारतात, काही होत नाही. घरी ४ वर्षांचा लॅब (लॅब्राडोर) आहे, वजन ३४ किलो, आणि एक मांजर. इथपर्यंत नेहमीचा प्रश्न आहे, मे महिन्यात मला रोज कोणी ना कोणी हेच विचारतं. पण शेवटी तुम्ही सहज लिहून गेल्या की रविवारी पाहुणे होते, पोट्ट्यांनी गच्चीवर गावरान आंबे चोखले, सात कोया टोपल्यात टाकल्या, सकाळी टोपलं उपडं आणि कोया पाचच. आणि आज लॅबने एकदा पिवळी उलटी केली, "तसा बरा आहे".

तुमचा खरा प्रश्न तो आहे. आंबा विषारी नाही, हे एका ओळीत सांगून टाकतो आणि बाजूला ठेवतो. दोन कोयांचा हिशोब लागत नाही आणि उलटी झाली आहे, म्हणजे आजच्या आज डॉक्टरकडे जा. उद्या बघू, रात्रभर वाट पाहू, असं नको. कदाचित कोया गच्चीच्या कोपऱ्यात किंवा कूलरमागे सापडतील, खारीने नेल्या असतील, उलटी उन्हामुळे झाली असेल, सगळं शक्य आहे. सापडल्या तर मलाही आनंदच आहे. पण शोधण्यात अर्ध्या तासाच्या वर वेळ घालवू नका.

आता असं का म्हणतो ते सांगतो. वीसेक वर्षं नागपुरात लहान जनावरांची प्रॅक्टिस करतो आहे. कळमन्याच्या बाजारात बैगनपल्ली आंब्याच्या गाड्या यायला लागल्या की आमच्या टेबलावर कोयवाले पेशंट येणार हे ठरलेलं, आणि सगळ्यात जास्त लॅब. लॅब पेटू असतो हे सगळे हसून सांगतात, पण त्यात त्याचा दोष कमी आहे. २०१६ मध्ये केंब्रिजच्या लोकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये भुकेशी संबंधित एका जीनचा तुकडाच गायब असतो, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट जातच नाही. असा कुत्रा कोय चघळत बसत नाही. रसाने माखलेली, बुळबुळीत, गोड वासाची वस्तू, वरून तुम्ही "सोड सोड" करत धावत आलात की तो ती सरळ गिळतो. हिसकायला जाऊ नका म्हणून मी जे सांगत असतो ते यासाठीच, बदल्यात चिकनचा तुकडा दाखवा, स्वतःच सोडतो.

कोय गिळली की पुढे काय होईल हे कोयीच्या आणि कुत्र्याच्या साइजवर आहे. बैगनपल्लीची कोय लांब, चपटी. ती मोठ्या कुत्र्याच्या जठरात गेली तर पुढचं दार अरुंद असल्याने तिथेच पडून राहते, कधी कधी कितीतरी दिवस. कुत्रा मधेच एखादी उलटी करतो, मग जेवतो, खेळतो, परत उलटी. घरच्यांना वाटतं ॲसिडिटी आहे. गावरान, चोखायच्या आंब्याची कोय लहान असते, म्हणून लोकांना ती कमी धोक्याची वाटते. उलट आहे. ती जठरातून निसटते आणि लहान आतड्यात जाऊन बुचासारखी बसते. तुमच्या घरी गावरानच होते, म्हणून मी जास्त घाईत आहे. चांगल्या धिप्पाड कुत्र्यात कधी कधी ती शीतून निघूनही जाते, हे मी पाहिलं आहे. पण निघेल की अडकेल हे घरी बसून कोणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. आणि छोटं पॉमेरेनियन, पग, शिह त्झू असेल तर मी त्या "निघून जाईल" वर एक तासही काढत नाही.

आतड्यात अडकली की वरचा भाग पाण्याने आणि गॅसने फुगतो, कुत्रा पाणी प्यायला की उलटी, काही वेळाने नुसतं पाणी पाहूनही उलटी. अंगातलं पाणी आणि क्षार जातात, आपल्याकडे बाहेर ४५ डिग्री असताना हे किती लवकर होतं विचार करा. कोय जिथे दाबते तिथलं रक्त थांबतं, आतडं काळं पडायला लागतं, आणि फाटलं तर घाण पोटात पसरते. वेळेत पोचलं तर जठर किंवा आतडं उघडून कोय काढायची आणि शिवायचं, एवढंच काम असतं. उशीर झाला की आतड्याचा तुकडा कापावा लागतो, आणि मग जगेल की नाही हे दोन-चार दिवस सांगता येत नाही.

माझीच एक चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक गावठी कुत्रा आला होता, दोन दिवस उलट्या, ऐन उन्हाळा. मी ऊन लागलं समजलो, सलाइन लावलं, उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं, घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, डॉक्टरसाहेब उलटी एकदम बंद, तुमचा हात चांगला आहे. मीही खूश. चौथ्या दिवशी तो चादरीत गुंडाळून आणला. इंजेक्शनने उलटी दाबली होती, कोय तिथेच होती. दहा इंच आतडं कापावं लागलं. वाचला तो, पण त्यात माझी हुशारी नव्हती, त्याचं नशीब होतं. तेव्हापासून उलटीच्या कुत्र्याला ते इंजेक्शन द्यायच्या आधी मी पोट दाबून बघतो आणि घरच्यांना विचारतो की घरी आंबे आले का, मटण झालं का, लहान पोरांची खेळणी मोजली का. म्हणून तुम्हालाही सांगतो, उलटी थांबली म्हणजे कोय निघाली असं धरू नका, आणि मेडिकलमधून माणसाची उलटीची गोळी आणून तर मुळीच देऊ नका.

एक्स-रेचंही सांगून ठेवतो. बऱ्याच लोकांना वाटतं एक्स-रे काढला की कोय लख्ख दिसेल. हाड दिसतं, लोखंड दिसतं, दगड दिसतो. कोय लाकडासारखी, ती नेहमी स्पष्ट दिसत नाही. आम्ही गॅस कुठे साचला, आतडं कुठे फुगलं ते बघतो, आणि शंका राहिली की सोनोग्राफी करतो, त्यात ती बऱ्याचदा पकडता येते. कधी काही तासांनी परत एक्स-रे घ्यावा लागतो. तेव्हा पहिल्या फिल्मनंतर डॉक्टर म्हणाले "काही दिसत नाही" तर त्याचा अर्थ "काही नाही" असा घेऊ नका, सोनोग्राफीचं विचारा. दुर्बीण घालून जठरातून काढायची सोय सगळीकडे नसते, असेल तर कोय जठरात असेपर्यंतच तिचा उपयोग, आतड्यात उतरली की नाही.

घरी काय करू नये ते आता. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. ही युक्ती अजूनही लोक करतात आणि कुत्र्याच्या रक्तात मीठ चढून झटके येतात, जीव जातो. शिवाय वर येताना कोय अन्ननळीत अडकली तर आधीपेक्षा वाईट. एरंडेल नको, तूप नको, "केळं चारलं की सरकते" हे नको. अडकलेल्या पाइपात वरून जोर लावल्यासारखं ते आहे. डॉक्टरकडे पोचेपर्यंत खायला काहीच देऊ नका, कारण भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं बरं. लाळ गळते, सारखा घोट घेतो, पुढचे पाय टेकवून मागचा भाग वर करून ताणतो, पोटाला हात लावू देत नाही, शी होत नाही किंवा जोर लावून नुसती चिकट शेम येते, यातलं काही दिसलं तर रस्त्यात फोन करून ठेवा म्हणजे ते तयारीत राहतील. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय कॉलेजचं हॉस्पिटल आहे, किंवा तुमचे नेहमीचे डॉक्टर, जिथे सोनोग्राफी आणि ऑपरेशन दोन्हीची सोय आहे तिथे जा, नाहीतर एकाकडून दुसरीकडे फिरण्यात संध्याकाळ जाते.

(तुम्ही कुत्र्याचं विचारलं, पण आठवलं म्हणून. साली आणि कोया पिशवीत बांधून रस्त्यावरच्या गाईला टाकायची आपल्याकडे पद्धत आहे, पुण्य समजून. गाय साल आरामात पचवते, पण कोय तिच्या घशात अडकते, तिला ढेकर देता येत नाही, आणि पोट ढोलासारखं फुगून ती रस्त्यातच बसते. पिशवीचं तर बोलतच नाही. टाकायचीच असेल तर साल टाका, मोकळी, कोय वेगळी करून.)

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण हा निस्तरल्यावर पुढच्या रविवारी परत आंबे येणारच आहेत.

पिकलेल्या आंब्याचा नुसता गर, साल नाही, कोय नाही, निरोगी मोठ्या कुत्र्याला चालतो. मी स्वतः देतो. १०० ग्रॅम गरात ८० टक्क्यांच्या वर पाणी, साधारण १४ ग्रॅम साखर आणि ६० कॅलरी. तुमच्या लॅबला दिवसाला अंदाजे १३०० ते १५०० कॅलरी लागतात, त्यातल्या दहा टक्क्यांच्या वर वरचं खाणं नको हा आमचा नेहमीचा हिशोब, आणि त्या दहा टक्क्यांत त्याची बिस्किटं, पोळीचा तुकडा, दुधाची साय, सासूबाईंनी गुपचूप दिलेलं सगळं धरायचं. म्हणून आंबा म्हणाल तर बोटाच्या पेराएवढे चार-पाच तुकडे, आठवड्यातून दोन-तीनदा, बस. पहिल्यांदा देताना एकच तुकडा, दुसऱ्या दिवशीची शी बघायची, पातळ झाली तर त्याला आंबा झेपत नाही, विषय संपला. ३४ किलो मोठ्या नर लॅबला चालतंही, पण तुमच्या फोटोत त्याची कंबर दिसून नाही राहिली, त्याचं वजन आधी उतरवा. डायबेटिस असेल तर आंबा नाही. आधी कधी स्वादुपिंडाला सूज आली असेल, पोट नाजूक असेल, पिल्लू अजून दोन-तीन महिन्यांचं असेल, तरी नाही.

सालीचं लोकांना आश्चर्य वाटतं. आंबा, काजू आणि आपला बिबा हे एकाच कुळातले. बिब्याचं तेल अंगाला लागलं की कसं उततं हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. आंब्याच्या चिकात आणि सालीत त्याच्याच नात्यातले पदार्थ थोडे असतात, त्यामुळे काही कुत्र्यांच्या ओठांना, तोंडाभोवती लाल होऊन खाज येते. शिवाय साल पचत नाही आणि फवारणीचं जे काही असतं ते सालीवरच असतं. धुवा, सोला, मग द्या.

पेटीतल्या पुडीकडेही लक्ष ठेवा. कार्बाइडने फळ पिकवायला आपल्याकडे बंदी आहे तरी चोरून वापरतातच, आणि ओल लागली की ती पुडी तापते, गॅस सोडते, कुत्र्याने चावली तर तोंड भाजतं. इथिलीनच्या पुड्यांना परवानगी आहे, पण त्याही गिळायच्या वस्तू नाहीत. पेटी घरी आली की आंबे काढा आणि पेटी, गवत, कागद, पुड्या सगळं बाहेर.

आणि आमरस म्हणजे आंबा नाही, हे घरात सगळ्यांना सांगा. रसात साखर, दूध, वरून तुपाची धार, वेलची, काही घरी जायफळ. जायफळ जास्त झालं तर कुत्र्याला बाधतं. साखर-तुपाचा वाटीभर रस लॅबने चाटून संपवला की दुसऱ्या दिवशी जुलाब, आणि तुपाने स्वादुपिंड बिघडलं तर ॲडमिटच. लोणच्याचं भांडं चाटू देऊ नका, त्यात मीठ, तेल आणि बऱ्याच घरी लसूण. लसूण-कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. त्याच दिवशी सावजी रस्सा असेल तर ते पातेलंही झाकून, त्यात कांदा पण आहे आणि हाडं पण.

मांजराचं सोपं आहे. मांजराला गोड चवच कळत नाही, गोडाची चव ओळखणारा तिचा एक जीन निकामी आहे, २००५ मध्ये हे कळलं. मग तुमची मनी रसाच्या वाटीशी का घुटमळते? दुधासाठी आणि तुपासाठी. तिला आंब्याची गरज नाही, एखादं बोट चाटलं तर बिघडतही नाही. कांदा-लसणाच्या बाबतीत मात्र ती कुत्र्यापेक्षा नाजूक, किलोमागे ५ ग्रॅम कांदा तिला पुरतो, म्हणजे ४ किलोच्या मांजराला छोट्या कांद्याचा तुकडा. आणि काही दुखतं वाटून पॅरासिटामॉल दिलंत तर ती जाईल, अर्धी गोळीही नाही.

सासूबाईंचं "उष्ण पडते" मी हसण्यावारी नेत नाही, कारण त्यामागे त्यांनी काहीतरी पाहिलेलं असतं. दर उन्हाळ्यात कोणीतरी नाकातून रक्त येणारा कुत्रा घेऊन येतं आणि म्हणतं, आंबा खाल्ला, उष्णता झाली. रक्त तपासलं की बऱ्याचदा गोचीडताप निघतो. उन्हाळ्यात गोचीड वाढतात, त्याच महिन्यात आंबे येतात, बदनाम आंबा होतो. घरगुती उपाय म्हणून मग सब्जाचं पाणी वगैरे देत बसतात आणि प्लेटलेट्स खाली जात राहतात. तुमच्या लॅबच्या कानांत आणि बोटांच्या बेचक्यात आज डॉक्टरकडे गेल्यावर गोचीड बघून घ्या, तसंही जाताच आहात.

मुलगी पुढे इतर फळांचं विचारेल, म्हणून पटकन. केळं, पपई, चिकू बिया काढून थोडं थोडं चालतं. संत्र्याच्या दोन-चार फोडी बी आणि साल काढून दिल्या तर ठीक, बहुतेक कुत्री तोंड वाकडं करतात, आपल्या नागपूरच्या संत्र्याचा एवढा अपमान तेच करू जाणे. सीताफळाच्या बिया नको, गावाकडे त्यांची पूड उवा मारायला वापरायचे यातच सगळं आलं. द्राक्षं, मनुका, बेदाणे मात्र एकही नको. त्याने कुत्र्याच्या किडन्या बंद पडतात, किती खाल्ल्यावर पडतील हे कुत्र्यागणिक वेगळं, एकाने घोस खाऊन काही झालं नाही म्हणून दुसऱ्याला चार दाणे द्यायचे नाहीत. प्रसादाच्या शिऱ्यातले मनुके लोक विसरतात.

थोडक्यात तुमच्यासाठी आजचं काम एवढंच, अर्धा तास गच्ची शोधा, खायला देऊ नका, सोनोग्राफी असलेल्या ठिकाणी घेऊन जा, आणि उलटी किती वाजता झाली, शेवटची शी कधी झाली हे कागदावर लिहून न्या, तिथे गेल्यावर घाबरून आठवत नाही. पोट्ट्यांना रागावू नका, रागावलं की पुढच्या वेळी कुत्र्याने काय गिळलं ते लपवतात, आणि आमच्यासाठी सगळ्यात मोलाची माहिती तीच असते.

हो, आणि एक राहिलंच. त्या पाच कोया कचऱ्यात गेल्या नसतील तर त्यातली एक पिशवीत टाकून सोबत न्या. सोनोग्राफी करणाऱ्याला ती नुसती हातात घेऊन बघितली तरी कळतं की पोटात नेमकं केवढं काय शोधायचं आहे.